खिशातील नगर : फॉर्स्टरची ‘अलेक्झांड्रिया’

प्रवासी मार्गदर्शिकेला वाङ्मयेतिहासात सहसा स्थान मिळत नाही. प्रवासवर्णनाला मिळते, कारण त्यात लेखकाचे ‘मी’पण असते, अनुभवाची संगती असते, आणि वाचक ते घरबसल्या वाचू शकतो. मार्गदर्शिका ही वापरायची वस्तू. ट्राम कोठून सुटते, संग्रहालय किती वाजता उघडते, कोणत्या खोलीत काय मांडले आहे, हे सांगून ती मोकळी होते. आणि ट्रामचा मार्ग बदलला किंवा खोलीतील मूर्ती हलवली, की तिची रवानगी रद्दीत होते. समीक्षेने तिच्याकडे पाठ फिरवावी, यात नवल नाही. तथापि एखाद्या थोर कादंबरीकाराने अशी एक पुस्तिका लिहिली असेल, ती लिहिताना नियमांची सगळी कामेही चोख बजावली असतील, आणि शंभर वर्षांनंतरही ती वाचावीशी वाटत असेल, तर या उपेक्षित प्रकाराकडे पुन्हा एकदा पाहणे भाग पडते. ई. एम. फॉर्स्टर याची ‘अलेक्झांड्रिया : अ हिस्टरी अँड अ गाइड’ ही १९२२ साली प्रसिद्ध झालेली पुस्तिका हे असे उदाहरण आहे. ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीमुळे आपल्या विद्यापीठांतून फॉर्स्टर पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. पण त्या कादंबरीच्या दोनच वर्षे आधी आलेल्या या पुस्तिकेचा उल्लेख लेखकाच्या ग्रंथसूचीपलीकडे क्वचितच होतो.

स्थळे दाखविणारे लेखन अर्थातच जुने आहे. दुसऱ्या शतकात पॉसेनिअसने ग्रीसमधील देवळे व पुतळे यांची गावागणिक नोंद केली. बाराव्या शतकात रोमला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी तेथील ‘आश्चर्यां’ची लॅटिन पोथी तयार झाली. आपल्याकडे स्थलमाहात्म्यांची परंपरा आहेच, पण माहात्म्य हे मुख्यतः फलश्रुतीच्या ओढीने चालते. वाट दाखविणे हा त्याचा दुय्यम हेतू. याला मराठीत एक लक्षणीय अपवाद आहे. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त श्रीचक्रधरांचा वास ज्या ज्या ठिकाणी घडला ती ठिकाणे नोंदवली आहेत, आणि ती नोंदविण्याची पद्धत थक्क करणारी आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगाला दुसरे देऊळ आहे, दार कोठे, ओटा कोठे, हे सारे कोरड्या, बांधीव गद्यात सांगितले जाते. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे ती अभ्यासकांना उपलब्ध झाली. लीळा संपल्यावर उरलेली जागा हाच तिचा विषय. जो पुरुष तेथे आता नाही, त्याच्या पाऊलखुणा दिशांच्या आधारे शोधायच्या, ही तिची श्रद्धा. फॉर्स्टरच्या पुस्तिकेचा विचार करताना हे चौदाव्या शतकातील मराठी गद्य वारंवार आठवावे, असे काही साम्य दोहोंत आहे. त्याचा उलगडा पुढे होईल.

खिशात मावणारी, दर काही वर्षांनी सुधारून निघणारी, आणि धर्माशी संबंध न ठेवता केवळ ‘पाहण्या’साठी लिहिलेली मार्गदर्शिका मात्र एकोणिसाव्या शतकाचीच. आगबोट आणि आगगाडी यांनी मध्यमवर्गाला प्रवास परवडू लागला, तेव्हा तिची गरज निर्माण झाली. १८३६ मध्ये लंडनच्या जॉन मरे या प्रकाशनसंस्थेने युरोप खंडासाठी पहिले ‘हँडबुक’ काढले. त्याच दशकात ऱ्हाइनकाठच्या कोब्लेन्झ येथील कार्ल बेडेकर याने नदीप्रवासाचे एक जुने पुस्तक हाती घेऊन त्याचे रूप पालटले. (नाव मराठी वाचकाला घरचे वाटावे असे आहे, पण गृहस्थ जर्मन.) तांबड्या कापडाची बांधणी, पातळ कागद, बारीक टाइप, घडीचे नकाशे, आणि प्रेक्षणीय वस्तूंच्या नावापुढे एक किंवा दोन तारका, ही बेडेकरची ओळख जगभर रूढ झाली. खानावळीत काय द्यावे, हमालाला किती द्यावे, हेही त्यात असे. प्रवाशाला स्थानिक वाटाड्यांच्या आणि दलालांच्या तावडीतून सोडवून स्वतःच्या पायावर उभे करायचे, ही बेडेकरची प्रतिज्ञा होती आणि ती त्याने पार पाडली. मात्र वाटाड्याच्या तावडीतून सुटलेला प्रवासी वाटाड्याच्या सहवासालाही मुकला, हे त्या काळी कोणाच्या लक्षात आले नसावे. शहरातील एकाही माणसाशी न बोलता शहर पाहून होणे, ही शक्यता या तांबड्या पुस्तकाने प्रथम निर्माण केली.

आपल्या देशापुरते बोलायचे तर मरेचे हिंदुस्थानविषयक हँडबुक १८५९ मध्ये आले. ईस्टविकने लिहिलेल्या त्या ग्रंथाचा एक भाग मद्रास इलाख्याचा व दुसरा मुंबई इलाख्याचा होता. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. एक पुस्तक बंदरात नुकत्याच उतरलेल्या परक्यासाठी, दुसरे त्या शहरात हयात घालवलेल्या माणसाचे, त्याच्या शेजाऱ्यांसाठी. शहर सांगण्याच्या या दोन रीती एकाच दशकात शेजारीशेजारी उभ्या राहिल्या, याची दखल आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी अधिक घ्यायला हवी होती. बेडेकरचे हिंदुस्थानवरील पुस्तक १९१४ मध्ये जर्मन भाषेत निघाले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि त्याची इंग्रजी आवृत्ती कधीच निघाली नाही. पुढे १९४२ साली जर्मन विमानांनी एक्झेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कँटरबरी या ऐतिहासिक नगरांवर बाँबवर्षाव केला, तेव्हा त्या हल्ल्यांना ‘बेडेकर हल्ले’ हेच नाव पडले. तारका मिळालेली शहरे लक्ष्य ठरली, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४३ मध्ये, लाइपत्सिश शहरावरील ब्रिटिश हल्ल्यात बेडेकरची स्वतःची कचेरी भस्मसात झाली.

फॉर्स्टरला हे तांबडे पुस्तक चांगले ठाऊक होते आणि त्याची गंमतही वाटत होती. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ (१९०८) या कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणाच्या शीर्षकातच बेडेकर नसल्याचा उल्लेख आहे. फ्लॉरेन्समध्ये आलेल्या लूसी नावाच्या इंग्रज मुलीचे बेडेकर तिच्या सोबतीण बाई काढून घेतात आणि मग तिला एकटी सोडून निघून जातात. सांता क्रोचेच्या विशाल चर्चमध्ये ती भांबावून उभी राहते. कारण कोणत्या थडग्याकडे पाहून भारावून जायचे, हे सांगणारे कोणी नसते. फॉर्स्टरचा विनोद येथे सौम्य आहे, पण त्यातील निरीक्षण भेदक आहे. पुस्तक हाती नसल्यामुळेच लूसीला तेथे माणसे भेटतात, आणि कथानकाला गती मिळते ती तेथून. पाहण्याची परवानगी पुस्तकाकडून घेण्याच्या वृत्तीची अशी थट्टा करणाऱ्या या लेखकाने चौदा वर्षांनी स्वतःच एक मार्गदर्शिका लिहावी, हा विरोधाभास वरवरचा नाही.

अलेक्झांड्रियाला तो गेला तो हौसेने नव्हे. महायुद्ध चालू होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये रेड क्रॉसच्या सेवेत तो तेथे पोचला. इस्पितळांतील जखमी सैनिकांच्या खाटांपाशी बसायचे, त्यांच्या बेपत्ता सोबत्यांविषयी विचारपूस करायची, आणि मिळालेली माहिती त्या त्या कुटुंबांपर्यंत पोचेल अशी व्यवस्था करायची, हे त्याचे काम. कोण शेवटचा कोठे दिसला, कोणत्या टेकडीच्या कोणत्या अंगाला पडला, हे विचारीत हिंडणारा हा मनुष्य होता. नाहीशा झालेल्यांचा तपास हीच त्याची दिवसभराची नोकरी होती. त्याच्या नगरदर्शनाची जातकुळीही याहून वेगळी नाही, असे म्हणण्याचा मोह होतो आणि तो आवरण्याचे मला कारण दिसत नाही. कारण अलेक्झांड्रिया हे पाहण्यासारखे काहीही न उरलेले जगप्रसिद्ध शहर होते. जगातील सात आश्चर्यांपैकी एक गणला गेलेला फॅरोसचा दीपस्तंभ नाही. ग्रंथालय नाही. सिकंदराची समाधी कोठे होती, याचा थांग नाही. सीझरच्या मंदिरापुढचे दोन उंच एकाश्म स्तंभ, ‘क्लिओपात्राच्या सुया’ म्हणून ओळखले जाणारे, त्यांपैकी एक १८७८ मध्ये लंडनला पोचला आणि दुसरा १८८१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. कैरोजवळ पिरॅमिड आहेत, लक्सरला देवळे आहेत. येथे कापसाचा बाजार, बँका आणि समुद्रकाठचा रस्ता. बेडेकरच्या तारका द्यायच्या कोणाला?

फॉर्स्टरने यावर काढलेला मार्ग रचनेचा आहे. पुस्तिकेचे त्याने दोन भाग केले. पहिला इतिहास, दुसरा मार्गदर्शन. यात विशेष काही नाही. अनेक मार्गदर्शिकांना इतिहासाची प्रस्तावना असते आणि प्रवासी ती ओलांडून पुढे जातो. विशेष आहे ते दोन भागांना जोडणाऱ्या आकड्यांत. इतिहासातील प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगापाशी आज कोठे उभे राहावे त्याचे पान कंसात दिले आहे. आणि मार्गदर्शनातील प्रत्येक स्थळापाशी येथे काय घडले त्याचे पान. रामले ट्रामच्या स्थानकापाशी पोचलेला वाचक पुस्तिका उघडतो तेव्हा त्याच्यासमोर रूळ, गर्दी आणि दुकाने असतात. पण कंसातला आकडा त्याला मागच्या पानावर नेतो, आणि तेथे क्लिओपात्राने आरंभलेले व ऑगस्टसच्या काळात पुरे झालेले सीझरचे मंदिर उभे असते. एक बोट या पानात, दुसरे त्या पानात, आणि डोळे समोरच्या रस्त्यावर, अशी वाचनाची ही कसरत आहे. जे दिसते ते आणि जे नाही ते, यांच्यामध्ये वाचकाला सतत ये-जा करावी लागते. ‘स्थानपोथी’शी साम्य आहे ते नेमके येथे. तेथेही दिशा वर्तमानातल्या असतात आणि स्मरण भूतकाळातले असते. भेद इतकाच, की महानुभाव वाचकाला लीळा आधीच मुखोद्गत असतात. फॉर्स्टरला मात्र त्या आधी सांगाव्या लागतात.

आणि तो त्या सुरेख सांगतो. इतिहासाच्या पाच विभागांपैकी एक सबंध विभाग त्याने ‘आध्यात्मिक नगरा’ला दिला आहे. ज्यू तत्त्वज्ञ फिलो, नवप्लेटोवादी प्लोटायनस, ख्रिस्ती धर्मातील एरिअस आणि अथानेशिअस यांचा वाद, हे सारे मार्गदर्शिकेत! यांतील एकाही विचाराचा एकही दगड शहरात उरलेला नाही, म्हणजे रूढ अर्थाने ‘पाहण्या’सारखे काही नाही. तरीही कोणत्याही थडग्यापेक्षा अधिक जागा त्यांना मिळाली आहे. प्लोटायनसविषयीची पाने भारतीय वाचकाने आवर्जून वाचावीत. पूर्वेकडील विचार समजावून घेण्याच्या इच्छेने हा तत्त्वज्ञ सम्राट गॉर्डिअनच्या इराणवरील स्वारीत सामील झाला होता, असे त्याचा शिष्य पॉर्फिरी सांगतो. ती स्वारी फसली आणि तो पूर्वेकडे पोचलाच नाही. देवाचे दर्शन घडणे आणि देवाशी एकरूप होणे यांतील अंतर फॉर्स्टर येथे फार थोड्या शब्दांत दाखवतो, आणि नवप्लेटोवादाला त्या बाबतीत ख्रिस्ती मताऐवजी भारतीय मताच्या शेजारी बसवतो. १९१२-१३ मधील पहिल्या हिंदुस्थानभेटीत त्याने जे ऐकले-पाहिले, त्याचे पडसाद या पानांत आहेत.

दोन भागांच्या मधल्या जागेत त्याने एक कविता छापली आहे. कॉन्स्टंटाइन कवाफी हा ग्रीक कवी त्या वेळी अलेक्झांड्रियातील पाटबंधारे खात्यात कारकुनी करीत होता आणि आपल्या कविता सुट्या पानांवर छापून मित्रांना वाटत होता. फॉर्स्टरशी त्याची ओळख १९१६ च्या सुमारास झाली. १९१९ मध्ये लंडनच्या ‘अथेनिअम’ साप्ताहिकात लेख लिहून फॉर्स्टरनेच इंग्रजी वाचकांना त्याचे नाव सांगितले. मार्गदर्शिकेत घेतलेली कविता अँटनीविषयी आहे, आणि अनुवाद जॉर्ज व्हॅलासोपूलोस याचा. प्लूटार्कने सांगितलेल्या कथेनुसार अँटनीच्या अखेरच्या रात्री वाद्यांचा गजर करीत एक अदृश्य मिरवणूक नगरातून जाते आणि वेशीबाहेर नाहीशी होते. त्याचा देव त्याला सोडून चाललेला असतो. कवाफीच्या कवितेत त्याला सांगितले जाते, की खिडकीपाशी जा, ते संगीत ऐक, आणि जे नगर तुझ्या हातून निसटते आहे त्याचा धीराने निरोप घे. आता या कवितेची जागा पाहा. सर्व मार्गदर्शिका आगमनाने सुरू होतात : स्थानक, हमाल, जकात, हॉटेल. फॉर्स्टरचा वाचक प्रत्यक्ष शहरात पाऊल टाकतो तो या निरोपाच्या उंबरठ्यावरून. पान उलटले, की महंमद अलीचा चौक येतो आणि कोणत्या रस्त्याने कोठे वळायचे त्याच्या सूचना सुरू होतात. एका व्यावहारिक पुस्तिकेत केवळ क्रमाच्या बळावर साधलेला हा परिणाम मोठमोठ्या कादंबरीकारांना हेवा वाटावा असा आहे.

येथवर केलेली प्रशंसा मला मागे घ्यायची नाही. पण या सुंदर रचनेला मोठी भेग आहे आणि ती दृष्टिआड करणे समीक्षकाला शोभणार नाही. ६४१-४२ मध्ये अम्र इब्न अल्-आसच्या अरब सैन्याने शहर घेतले. १७९८ मध्ये नेपोलियन तेथे उतरला. मधल्या साडेअकराशे वर्षांची वासलात फॉर्स्टर अवघ्या काही पानांत लावतो. ग्रीक नगर मेले, मग दीर्घ झोप, आणि शेवटी युरोपच्या स्पर्शाने पुन्हा जाग, अशी ही कथा आहे. तिच्यातील अरब माणूस नाश करण्याइतकाही समर्थ नाही, केवळ बेपर्वा आहे. आता फॅरोसचेच पाहा. तो दीपस्तंभ अरब अमलाखाली सुमारे सहा-सात शतके, भूकंपांचे हादरे सोशीत, डागडुजी होत उभा होता. इब्न बतूताने १३२६ मध्ये तो पाहिला तेव्हा त्याची एक बाजू ढासळली होती. १३४९ मध्ये तो परत आला तेव्हा आत शिरणेही अशक्य झाले होते. म्हणजे त्या आश्चर्याच्या आयुष्याचा बराच मोठा भाग अरबी भाषा बोलणाऱ्यांच्या नजरेसमोर गेला, आणि त्याची उत्तम वर्णने अरबी ग्रंथांतून आली. त्याच जागेवर १४७७ मध्ये सुलतान कायतबेने बांधलेला किल्ला आजही उभा आहे. ग्रीक, लॅटिन व फ्रेंच साधनांवर पोसलेल्या फॉर्स्टरला हा काळ हाती लागला नाही. त्याच्या अलेक्झांड्रियातील बहुसंख्य लोक ज्या भाषेत बोलत, व्यवहार करीत आणि प्रार्थना करीत, ती भाषा मार्गदर्शिकेत जवळजवळ ऐकू येत नाही. इजिप्शियन विदुषी हाला हलीम यांनी २०१३ मधील आपल्या ग्रंथात कवाफी, फॉर्स्टर आणि ड्यूरेल यांच्या ‘विश्वनागरी’ अलेक्झांड्रियाची जी चिकित्सा केली आहे, ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

फॉर्स्टर साम्राज्याचा भाट होता म्हणून हे घडले, असे म्हणून प्रश्न सुटत नाही. कारण तो तसा नव्हता. १९१९ मध्ये इजिप्तमध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला. त्यानंतर १९२० मध्ये इंग्लंडमधील मजूर चळवळीच्या वर्तुळातून निघालेल्या एका पुस्तिकेसाठी फॉर्स्टरने इजिप्तवर टिपणे लिहिली. युद्धकाळात इजिप्शियन मजुरांना कसे सक्तीने नेले गेले, राज्यकर्त्यांनी दिलेली आश्वासने कशी मोडली, हे त्यांत त्याने स्पष्टपणे मांडले आहे. तोच लेखक, तेच शहर, दोन वर्षांचे अंतर. आणि मार्गदर्शिकेत त्याचा मागमूस नाही. तेव्हा दोष व्यक्तीच्या मतांत शोधण्याऐवजी काही अंशी तरी प्रकाराच्या घडणीत शोधायला हवा. मार्गदर्शिका ज्याच्या हाती पडणार तो दोन दिवसांचा पाहुणा. त्याला काय दाखवावे हे ठरते, तसेच त्याच्यापुढे काय काढू नये हेही ठरते. फॉर्स्टरने या प्रकाराला वाकवले, त्यात प्लोटायनस आणला, कवाफी आणला. पण सक्तीने नेलेला फल्लाह आणण्याइतका तो वाकला नाही.

याच ठिकाणी मोहम्मद अल्-अद्ल या तरुणाचा उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे. तो अलेक्झांड्रियातील ट्रामवर कंडक्टर होता. फॉर्स्टरची व त्याची ओळख ट्राममध्येच झाली. पुढे मैत्री झाली, आणि मैत्रीचे प्रेमात रूपांतर झाले. फॉर्स्टरच्या हयातीत ही गोष्ट मोजक्या मित्रांनाच माहीत होती. १९७० मध्ये त्याचे निधन झाल्यानंतर पी. एन. फरबँक याच्या चरित्रातून ती सर्वांसमोर आली. त्या काळच्या अलेक्झांड्रियात युरोपीय आणि इजिप्शियन यांचे एकमेकांच्या घरी जाणे-येणे फारसे नव्हतेच. इंग्रज लेखकाला शहराच्या त्या दुसऱ्या अंगात नेले ते या तरुणाने. १९१९ च्या धामधुमीत त्याला तुरुंगवास घडला. १९२२ च्या आरंभी हिंदुस्थानातून परतताना फॉर्स्टर त्याला भेटला तेव्हा तो क्षयाने खंगला होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो वारला. डिसेंबरमध्ये मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. ती अर्पण केली आहे जी. एच. लुडॉल्फ या परिचितास. कोणत्या ट्रामने कोठे जावे याच्या सूचना पुस्तिकेत जागोजागी आहेत. ज्याने त्या ट्रामवर तिकिटे फाडली आणि शहर उघडून दाखवले, त्याचे नाव कोठेही नाही. असणे शक्यही नव्हते. मात्र पुढच्या वर्षी, १९२३ मध्ये, व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ यांच्या होगार्थ प्रेसने फॉर्स्टरचा अलेक्झांड्रियाविषयक लेखसंग्रह ‘फॅरोस अँड फॅरिलॉन’ काढला, तेव्हा त्याच्या अर्पणपत्रिकेवर केवळ दोन ग्रीक शब्द होते : हर्मिस सायकोपॉम्पोस, म्हणजे मृतात्म्यांना वाट दाखवीत नेणारा हर्मिस. ग्रीक पुराणांत हर्मिस हा प्रवाशांचा आणि वाटांचा देव. जगाला ते विद्वत्तेचे लेणे वाटले असेल. कंडक्टरला कंडक्टरच म्हटले होते, हे जाणणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

अलेक्झांड्रिया सोडणे आणि मार्गदर्शिका प्रसिद्ध होणे यांच्या दरम्यान फॉर्स्टरच्या आयुष्यात एक मराठी पर्व येते. १९२१ मध्ये त्याने थोरल्या पातीच्या देवास संस्थानात तिसरे तुकोजीराव पवार यांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने काम केले. माळव्यातील हे मराठा संस्थान. महाराजांचा विवाह राजर्षी शाहूंच्या कन्येशी झालेला. दोन पात्यांची दोन राज्ये एकाच गावात नांदत असल्याने रस्त्याची ही बाजू एका राजाची आणि ती दुसऱ्याची, असा कारभार होता. तेथील गोकुळाष्टमीच्या उत्सवात फॉर्स्टर अनवाणी वावरला, गोंधळला, आणि त्याच्या डोळ्यांपुढून सारे मार्गदर्शिकी व्यवस्थितपण उधळले गेले. देवीच्या ज्या टेकडीचे नाव त्याने १९५३ मध्ये आपल्या पुस्तकाला दिले, तिच्याच पायथ्याशी कुमार गंधर्व पुढे राहायला आले. टेकडीची बेडेकरी नोंद एका ओळीची झाली असती.

या दोन नगरांच्या दरम्यान त्याच्या गद्यात काय घडले, हे ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या (१९२४) पहिल्याच प्रकरणात दिसते. त्या प्रकरणात एकही पात्र नाही. चंद्रपूर नावाच्या काल्पनिक शहराचे वर्णन आहे, आणि ते सरळसरळ मार्गदर्शिकेच्या सुरात आहे : नदी, घाट, बाजार, मग चढण, रेल्वे, वरच्या बाजूला गोऱ्यांची वसाहत. फरक असा, की ही मार्गदर्शिका प्रत्येक वाक्यात नकार देत जाते. पाहण्यासारखे काही नाही, नदी येथे पवित्र नाही, बाजार दृश्य अडवतो. जे एकमेव असाधारण आहे, त्या गुंफा, त्यांचा पुसट उल्लेख करून प्रकरण आरंभते आणि त्यांच्यापाशीच संपते. आणि पुढे त्या गुंफांतही पाहण्यासारखे काहीच नसते, केवळ प्रतिध्वनी असतो. तारका ज्या स्थळाला द्यायची ते आतून रिकामे आहे! अलेक्झांड्रियात रिकाम्या जागेमागे ग्रीक इतिहास उभा करता आला. मराबारच्या रिकामेपणापाशी कंसातला आकडा देता येत नाही. समीक्षकांनी या आरंभाचे संगीताशी, चित्राशी साधर्म्य दाखवले आहे. मला त्यात दोन वर्षे आधीच्या मार्गदर्शिकाकाराचा हात अधिक जाणवतो. आणि या वेळी त्याने शहराच्या दोन भागांतील अंतर, जे पूर्वी गाळले होते, तेच कथेच्या मध्यभागी आणून ठेवले.

पुस्तिकेचे भाग्यही तिच्या विषयाला साजेसे निघाले. व्हाइटहेड मॉरिस या अलेक्झांड्रियातील प्रकाशकांनी लेखकाला कळवले, की गोदामाला आग लागून शिल्लक प्रती जळाल्या. सोबत विम्यातून मिळालेल्या भरपाईचा धनादेशही आला. काही काळाने दुसरे पत्र आले. प्रती जळाल्या नव्हत्या, सुरक्षित सापडल्या होत्या. पण विम्याचे पैसे तर घेऊन झाले होते, तेव्हा ही अडचण दूर करण्यासाठी त्या मुद्दाम जाळून टाकल्या आहेत. जगातील सर्वांत प्रसिद्ध जळालेल्या ग्रंथालयाच्या गावी हे घडले, यावर भाष्य करण्याची गरज फॉर्स्टरलाही वाटली नाही. त्याने ती हकीकत नुसती सांगितली. दुसरी आवृत्ती १९३८ मध्ये तेथेच निघाली, अमेरिकेतील १९६१ मध्ये. दरम्यान दुसऱ्या महायुद्धात लॉरेन्स ड्यूरेल अलेक्झांड्रियात आला आणि ही पुस्तिका घेऊन हिंडला. त्याच्या ‘अलेक्झांड्रिया चौकडी’तील (१९५७-६०) नगर पुष्कळ अंशी या पानांतून उगवले आहे. १९८२ मध्ये मायकेल हाग याने पुस्तिका नव्या टिपांसह संपादित केली, तेव्हा मूळ मजकुराला हात न लावता बदललेली नावे व स्थिती टिपांत देण्यात आली. म्हणजे वाचकाला आता तिसरे बोटही गुंतवावे लागते.

त्या टिपाही आता जुन्या झाल्या आहेत. कोम अल्-दिक्का येथे एका टेकाडाखाली १९६० च्या दशकात पोलिश उत्खननकारांना संगमरवरी आसनांचे रोमन प्रेक्षागृह सापडले. फॉर्स्टर त्या टेकाडावरून चालला होता. कायतबेच्या किल्ल्यालगत समुद्राच्या तळाशी प्रचंड शिळा व मूर्ती आढळल्या, १९९० च्या दशकात. जुन्या ग्रंथालयाच्या स्मरणार्थ नवे भव्य ग्रंथालय २००२ मध्ये उघडले. ज्या ग्रीक-रोमन संग्रहालयाच्या खोल्यांतून फॉर्स्टर वाचकाला क्रमांकांनिशी फिरवतो, ते २००५ मध्ये बंद झाले आणि अठरा वर्षांनी, २०२३ मध्ये, नव्या मांडणीसह सुरू झाले. खोल्यांचे जुने क्रमांक आता कशालाही लागू पडत नाहीत. मेहमेत अलीने वेठीच्या मजुरांकडून खोदवून घेतलेला महमुदिया कालवा शहराच्या हद्दीत बुजवून २०२० मध्ये त्यावर रुंद रस्ता काढला गेला. ज्या चौकातून पुस्तिकेतील बहुतेक फेऱ्या निघतात, त्याच चौकात २६ जुलै १९५६ रोजी नासेर यांनी सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, अरबी भाषेत, अफाट जनसमुदायापुढे. त्यानंतरच्या वर्षांत शहरातील ग्रीक, इटालियन व ज्यू वस्ती झपाट्याने ओसरली आणि रस्त्यांच्या पाट्या बदलल्या. मेहमेत अलीचा अश्वारूढ पुतळा मात्र तेथेच आहे. पुस्तिका उघडून त्याच्या पायथ्याशी उभे राहिले, की पहिली दिशा अजूनही बरोबर लागते.